पिवळा दिवा आणि ‘पी ०१७१’

इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरने ‘पी ०१७१’ दाखवले, की समजावे : हवा जास्त, पेट्रोल कमी. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर उरलेला ऑक्सिजन ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्यानुसार पेट्रोल वाढवतो. ही वाढ, म्हणजे ‘फ्युएल ट्रिम’, बहुतेक गाड्यांत २५ टक्क्यांच्या आसपास पोचली की दिवा लागतो.

अनेक गॅरेजवाले लगेच सेन्सरच बदलतात. बहुधा तो खर्च वाया जातो. बिचारा सेन्सर फक्त चुगली करत असतो! आधी ट्रिम पाहा. आयडलिंगला जास्त आणि २,५०० आरपीएमला कमी असेल, तर इनटेकचा रबरी पाइप किंवा गॅस्केट तपासा. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि बॉनेटखालचे जुने रबर उष्णतेने कडक होऊन तडकते. चढावर, लोडवर ट्रिम वाढत असेल तर संशय फ्युएल पंप आणि फिल्टरवर.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम थोडी चढलेली दिसते. तो बिघाड नव्हे.

दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी बाजूला घ्या. लुकलुकणे म्हणजे मिसफायर, आणि त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो.