ब्युरेट कोणाच्या हाती?

अमरावती-अकोल्यात बीएस्सीचे प्रॅक्टिकल बहुधा गटाने होते. एक जण ब्युरेटचा कॉक हलकेच सोडतो, दुसरी जर्नलमध्ये रीडिंग उतरवते. ही वाटणी कोण ठरवते? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. कृती ठरवून दिलेल्या तासांना मुलामुलींच्या कामात फारसा फरक नव्हता. प्रयोग विद्यार्थ्यांनीच आखायचा म्हटल्यावर मात्र उपकरणे अधिक करून मुलांकडे गेली आणि लॅपटॉपवरचे काम मुलींकडे. तसे कोणी सांगितले नव्हते.

‘मुलींना लिहायलाच आवडते, अक्षरही चांगले असते,’ असे यावर म्हटले जाईल. पण कॉर्नेलमध्येच पुढे विद्यार्थ्यांना आवड विचारली, तेव्हा मुलामुलींच्या पसंतीत फारसे अंतर आढळले नाही. दुसरी अडचण खरी आहे: उपकरणे थोडी, विद्यार्थी जास्त. म्हणूनच तर पाळी लावायला हवी. टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग ज्या थेंबाला टिकतो, तो थेंब हाताच्या सवयीनेच साधतो. वही भरून नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वतः करून शिकण्यावर भर देते, म्हणजे विद्यार्थ्यांनीच आखायचे मोकळे प्रयोग वाढणार. वऱ्हाडातल्या प्राध्यापकांनी दर तासाला कामे फिरवावीत आणि उपकरण कोणी हाताळले हे जर्नलमध्येच लिहून घ्यावे.