नाडीचा ताल आणि औषधाची मात्रा

निरोगी माणसाच्या मनगटावर बोटे ठेवली असता नाडीचे ठोके सारख्या अंतराने लागतात. काही व्यक्तींच्या, विशेषतः वृद्धांच्या, नाडीत हा ताल आढळत नाही. त्यांच्या हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. या विकारास एट्रिअल फिब्रिलेशन असे म्हणतात. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून त्याची गुठळी होते. ती प्रवाहाबरोबर मेंदूत जाऊन अडकली म्हणजे पक्षाघात होतो. हा धोका अशा रुग्णांना इतरांच्या सुमारे पाचपट असतो.

गुठळी टाळण्यासाठी रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी औषधे देतात. त्यांतील वॉरफरिन हे १९४८ साली उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ साली अमेरिकेत मानवी उपचारासाठी मान्य झाले. विष आणि औषध यांत येथे भेद आहे तो केवळ मात्रेचा. मात्रा कमी पडली तर गुठळीचे भय, अधिक झाली तर रक्तस्रावाचे. म्हणून वॉरफरिन घेणाऱ्याचे रक्त वरचेवर तपासून आय. एन. आर. नावाचा अंक बहुधा २ ते ३ यांच्या दरम्यान राखावा लागतो. आहारातील पालेभाज्यांचे प्रमाण बदलले, तरी तो अंक ढळू शकतो.

२०१० नंतर या विकारासाठी नवी औषधे प्रचारात आली. त्यांना या अंकाची गरज नसते. परंतु मात्रेचा विचार सुटत नाही. उदाहरणार्थ, अपिक्साबान हे औषध सामान्यतः ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा देतात. वय ८० वा अधिक, वजन ६० किलोग्रॅम वा कमी, आणि रक्तातील क्रिएटिनिनची ठराविक मर्यादेबाहेर वाढ, या तिहींपैकी दोन गोष्टी असल्यास मात्रा निम्मी करतात. मूत्रपिंडे फारच दुर्बल असतील तर निराळा विचार करावा लागतो. मात्र एखादी वृद्धा केवळ कृश आहे, एवढ्यावरून भीतीपोटी मात्रा निम्मी केली, तर तिचे पक्षाघातापासून पुरेसे रक्षण होत नाही.

हा हिशेब सांभाळण्याचे काम इंग्लंडमध्ये आता मोठ्या प्रमाणावर औषधनिर्माते करतात. पूर्वी तेथील औषधनिर्माता बहुधा दुकानात वा रुग्णालयात असे. २०१५ साली जाहीर झालेल्या एका सरकारी योजनेने त्यास कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यात प्रत्यक्ष स्थान दिले. तो रुग्णांच्या नोंदी चाळतो. वय, वजन व रक्ततपासणी ताडून पाहतो. सांधेदुखीसाठी कोणी इबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेत आहे काय, हे विचारतो, कारण तिने रक्तस्रावाचा संभव वाढतो. विशेष शिक्षण घेतलेल्या औषधनिर्मात्यास तेथे २००६ पासून औषध स्वतः लिहून देण्याचाही अधिकार आहे.

त्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र साधा असतो : गोळी रोज घेता ना? कारण हे औषध घेतल्याने रुग्णास बरे वाटते असे नाही. त्यामुळे ते निरर्थक समजून सोडून देण्याचा मोह होतो. नव्या औषधांचा प्रभाव तर एकदोन दिवसांतच ओसरतो, आणि रुग्ण पुन्हा पहिल्याइतकाच असुरक्षित होतो. म्हणून वैद्यांच्या सल्ल्यावाचून हे औषध कधीही बंद करू नये.