भागीचा धंदा आणि कायदा

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझे दोन जुने विद्यार्थी घरी आले. फराळ झाला, चहा झाला, तरी दोघांचे उठण्याचे लक्षण दिसेना. तेव्हा मी ओळखले की स्वारींचे काहीतरी काम आहे. शेवटी त्यांतला एकजण म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. हिशेबाचं आहे, पण हिशेबाचं नाही."

वर्षभरापूर्वी या दोघांनी गुळाची पावडर पाकिटांत भरून विकण्याचा उद्योग सुरू केला होता. आजकाल अशा उद्योगाला 'स्टार्टअप' म्हणण्याची पद्धत आहे. म्हणोत बापडे, माझ्या लेखी तो भागीचा धंदा. एकाने ४ लाख रुपये घातले, दुसऱ्याने ८० हजार. पण दुसरा सकाळी सातपासून रात्रीपर्यंत तिथेच राबायचा, आणि पहिला स्वतःची नोकरी सांभाळून रविवारी यायचा. वर्ष संपले तेव्हा सगळा खर्च वजा जाता २ लाख ४० हजार रुपये नफा उरला. आता तो वाटायचा कसा? पहिल्याचे म्हणणे, भांडवल पाचास एक या प्रमाणात आहे, तेव्हा नफाही तसाच, म्हणजे मला २ लाख आणि याला ४० हजार. दुसऱ्याचे म्हणणे, आधी माझा महिना १५ हजारांप्रमाणे वर्षाचा १ लाख ८० हजार पगार बाजूला काढा, मग उरलेल्याची वाटणी करू. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. आणि दोघांमध्ये लेखी म्हणून एक चिठोरेसुद्धा नव्हते.

"कायदा काय म्हणतो, सर?"

कायदा जे म्हणतो ते ऐकून दोघांचेही चेहरे पडले. भागीदारांमध्ये वेगळा करार नसेल तर भांडवल कोणी किती घातले हे न पाहता नफा सारखा वाटायचा, आणि तोटा आला तर तोही सारखाच सोसायचा. धंद्यात राबल्याबद्दल भागीदाराला पगार मागता येत नाही. घातलेल्या भांडवलावर व्याजही मागता येत नाही. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त रक्कम कोणी धंद्याला उसनी दिली असेल, तर तेवढ्यावर मात्र शेकडा ६ दराने व्याज मिळते. हे सगळे १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. म्हणजे या दोघांना प्रत्येकी १ लाख २० हजार. पैसे घालणाऱ्याला वाटले आपण बुडालो, राबणाऱ्याला वाटले आपण फुकट राबलो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कायद्याला सारखी वाटणीच न्याय्य वाटते असा याचा अर्थ नव्हे. कायदा म्हणतो, तुमचे तुम्ही ठरवा. हवे तसे ठरवा. पाचास एक ठरवा, पगार ठरवा, व्याज ठरवा. तुम्ही काहीच ठरवले नाही, तर मात्र मला काहीतरी गृहीत धरावे लागेल, आणि मी 'सारखे' हे गृहीत धरीन. करार तोंडीही चालतो. इतकेच काय, वर्षानुवर्षे जसे वागत आलात त्यावरूनही करार काय होता हे न्यायालय ताडते. पण तोंडी करार शाबीत करताना काय हाल होतात ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला विचारावे.

हा कायदा होण्यापूर्वी भागीदारीचे नियम १८७२ च्या करार कायद्यातच एका प्रकरणात होते. ते अपुरे पडू लागले तेव्हा एक खास समिती नेमली गेली. आपल्या मुंबईचे सर दिनशा मुल्ला हे तिच्यात होते. कायदा १ ऑक्टोबर १९३२ पासून अमलात आला. त्यातले एकच कलम, एकोणसत्तरावे, पूर्ण एक वर्ष उशिरा लागू केले गेले. त्या कलमाचा दणका असा होता की लोकांना तयारीला वेळ देणे भाग होते. त्याच्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी भागीदारी म्हणजे काय ते पाहू. नफा वाटून घेण्याच्या कराराने दोघांनी किंवा अधिकांनी धंदा करायचा, आणि तो सगळ्यांनी मिळून, किंवा सगळ्यांच्या वतीने एखाद्याने चालवायचा, ही भागीदारी. तिचा जन्म करारातून होतो, जन्माच्या नात्यातून होत नाही. वडिलोपार्जित दुकान एकत्र कुटुंबात चालत आले म्हणून भाऊ-भाऊ आपोआप भागीदार ठरत नाहीत. त्यांचे हक्क हिंदू कुटुंबाच्या कायद्याने ठरतात. आपल्याकडे या दोहोंची इतकी गल्लत होते की, एकाच दुकानाबद्दल थोरला 'आमची भागी' म्हणतो आणि धाकटा 'आमची वडिलोपार्जित इस्टेट' म्हणतो, आणि भांडण लागेपर्यंत दोघांनाही फरक जाणवत नाही.

नुसता नफ्यात वाटा मिळतो म्हणूनही कोणी भागीदार होत नाही. दुकानातल्या दिवाणजीला पगाराऐवजी नफ्यातला हिस्सा दिला, किंवा कर्ज देणाऱ्याने व्याजाऐवजी हिस्सा घेतला, तर ते भागीदार नव्हेत. इंग्लंडमध्ये १८६० साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे असाच एक खटला आला होता. एक लोखंडाचा कारखाना कर्जात बुडाला, आणि धनकोंच्या वतीने विश्वस्तांनी तो चालवून नफ्यातून कर्ज फेडायचे ठरले. पुढे आणखी देणे झाले तेव्हा प्रश्न आला, हे धनको भागीदार का? लॉर्डांनी सांगितले, नाही. धंदा कोणाच्या वतीने चालतो आहे, हे पाहा. तेच तत्त्व आपल्या कायद्याने उचलले आहे.

'एकमेकांच्या वतीने' या शब्दांतच भागीदारीची खरी जोखीम आहे. प्रत्येक भागीदार हा पेढीचा मुखत्यार असतो. त्याने पेढीच्या नावाने, पेढीच्या नेहमीच्या धंद्यासाठी माल उधार आणला, तर ते देणे सगळ्यांचे. आणि 'सगळ्यांचे' म्हणजे आपापल्या हिश्श्यापुरते, असे कोणी समजू नये. धनकोला वाटले तर तो सगळीच्या सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडून, तुमच्या घरादारातून वसूल करू शकतो. मग तुम्ही बसा भागीदाराकडून त्याचा वाटा मागत.

माझ्या मामांची गोष्ट सांगतो. मामा आणि त्यांचे एक स्नेही यांचा लेथचा छोटा कारखाना होता. काही वर्षांनी मामा त्यातून बाहेर पडले. भांडण नाही, तंटा नाही, हिशेब चोख झाला. दोघांनी हॉटेलात जाऊन मिसळ खाल्ली आणि निरोप घेतला. दीड-दोन वर्षांनी एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस मामांच्या दारात. मामा निघून गेल्यावर स्नेह्यांनी भरपूर माल उधारीवर उचलला होता. मामांनी सांगून पाहिले, 'अहो, मी तर केव्हाच सोडलं.' व्यापारी म्हणाला, 'मला कुणी सांगितलं?' आणि कायद्याने व्यापाऱ्याचेच बरोबर होते. भागीदार निवृत्त झाला की तशी जाहीर नोटीस द्यावी लागते. ती दिली जाईपर्यंत, तुम्हाला भागीदार म्हणून ओळखणाऱ्या लोकांच्या दृष्टीने तुम्ही भागीदारच. ही नोटीस म्हणजे कारखान्याच्या दारावर लावलेला कागद नव्हे. सरकारी राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रात ती प्रसिद्ध व्हावी लागते, आणि पेढी नोंदलेली असेल तर निबंधकाकडेही कळवावे लागते. मामांनी शेवटी तडजोड करून पैसे भरले. स्नेही नंतर भेटले की मान खाली घालायचे. पैसा गेला ते गेला, मिसळही गेली.

आता ते एकोणसत्तरावे कलम. पेढीची नोंदणी करावी की न करावी हे कायद्याने ऐच्छिक ठेवले आहे. नोंदणी केली नाही म्हणून भागीदारी बेकायदा होत नाही. पण नोंद नसलेल्या पेढीला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, आणि भागीदाराला आपल्याच पेढीवर किंवा दुसऱ्या भागीदारावर करारातला हक्क बजावण्यासाठी कोर्टात जाता येत नाही. उलट बाहेरचा माणूस मात्र तुमच्यावर खुशाल दावा लावतो. कोर्टाचे दार असे एकाच बाजूने उघडते. गिऱ्हाइकाने तुमचे ३ लाख थकवले आणि तुम्ही कोर्टात गेलात, की त्याचा वकील पहिला प्रश्न विचारणार: पेढी नोंदली आहे काय? दावा लावल्यानंतर धावतपळत नोंदणी करून तो दावा सावरत नाही. नोंदणी दाव्याच्या आधीची हवी, आणि दावा लावणाऱ्या भागीदारांची नावे त्या नोंदवहीत असायला हवीत. नव्याने दावा लावायचा तर तीन वर्षांची मुदत तोवर टळलेली नसावी.

मूळ कायद्याने नोंद नसलेल्या भागीदारांना एक वाट ठेवली होती: धंदा मोडण्यासाठी आणि मोडल्यावर हिशेब मागण्यासाठी दावा करता यायचा. १९८४ साली महाराष्ट्राने दुरुस्ती करून तीही जवळजवळ बंद केली. म्हणजे आपल्या राज्यात भागीदाराने पैसे गिळले तरी कोर्टात हिशेब मागायची सोय राहिली नाही. ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घटनाबाह्य ठरवली. चोवीस-पंचवीस वर्षे मात्र ती चालली. नोंदणीचा आग्रह धरावा, पण न नोंदणाऱ्याची स्वतःची पुंजीच अडकवून ठेवावी हे काही मला पटत नव्हते, आणि न्यायालयालाही पटले नाही याचा आनंद वाटतो.

भागीदार मरण पावला तर? करारात वेगळे ठरले नसेल तर पेढी तिथेच मोडते. दोघांचीच पेढी असेल तर मागे एकच उरतो, आणि एकट्याची भागीदारी असूच शकत नाही. मागे राहिलेली बायको, मुले आणि हयात भागीदार यांच्यात मग यंत्रे कोणाची, येणी कोणाची यावरून जे सुरू होते, ते सगळे एका परिच्छेदाने टळण्यासारखे असते. मरणाचे बोलणे अशुभ म्हणून तो परिच्छेद कोणी लिहीत नाही. विमा मात्र सगळे काढतात!

काही जण विचारतील, जोखीम इतकी, तर भागीदारी करावीच कशाला? २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी, आली आहे. तिच्यात कर्जाची झळ सामान्यतः घरादारापर्यंत येत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहेच. पण दोन्हींत दरवर्षी विवरणपत्रे भरावी लागतात, उशीर झाला की जादा पैसे पडतात. शिवाय बँक छोट्या कंपनीला कर्ज देताना बहुधा चालकांची वैयक्तिक हमी लिहून घेते. तेव्हा बँकेपुरते कवच गेलेच म्हणायचे. वर्षाकाठी थोडी उलाढाल असलेल्या दोघा मित्रांना नोंदलेली साधी भागीदारी पुरते असे माझे मत आहे. सरकारची 'स्टार्टअप' म्हणून मान्यता हवी असेल तर तीही नोंदलेल्या भागीदारीला मिळू शकते. एकट्या मालकीच्या दुकानाला मिळत नाही.

लिहून ठेवण्याची ही सवय बाहेरच्या व्यवहारातही कामी येते. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघू उत्पादकाचा माल स्वीकारल्यावर गिऱ्हाइकाने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि करारात काहीही लिहिले तरी ती मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. गेली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. त्यासाठी राज्यात खास परिषद आहे. मात्र उद्यम नोंदणी माल विकण्याआधी केलेली असावी, आणि माल पोहोचल्याची सही-तारीख असलेली पावती जपलेली असावी. मोठ्या गिऱ्हाइकाला हा कायदा दाखवावा की नाही, हा प्रश्न वेगळा. पुढची ऑर्डर जाईल या भीतीने पुष्कळजण दाखवीत नाहीत.

असो. माझ्या त्या दोघा विद्यार्थ्यांचे काय झाले ते सांगायचे राहिले. मागल्या वर्षाचा नफा त्यांनी निम्मा-निम्मा घेतला. मग पहिल्याने आपण होऊन दुसऱ्याला ३० हजार रुपये दिले. कोणत्या कलमाखाली ते मी विचारले नाही. पुढल्या आठवड्यात दोघे भागीदारीपत्राचा मसुदा घेऊन आले. नफ्याचे प्रमाण, राबणाऱ्याचा पगार, बँकेत दोघांच्या सह्या, सोडताना तीन महिन्यांची लेखी सूचना, हे सगळे पंधरा मिनिटांत ठरले. अडले एकाच ठिकाणी. उद्या वेगळे झालो तर पाकिटावरचे नाव कोणाकडे राहणार? नाव सुचवले होते एकाने, आणि ते होते दुसऱ्याच्या आजीचे. त्यावर रात्री साडेनऊपर्यंत वाद चालला, आणि आमच्या घरातला चिवडा संपला.