लहान समुद्री मत्स्यालय (लेखांक ६) : प्रोटीन स्किमरची निवड आणि त्याच्या तक्रारींचे निदान

मागील लेखांकात नायट्रोजनचक्राचा विचार करताना असे दिसून आले की माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि कुजणारे शैवाल यांतील प्रथिनांचे जिवाणूंकडून विघटन होऊन प्रथम अमोनिया, त्यापासून नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट तयार होते. प्रथिनाच्या वजनात नायट्रोजनचा वाटा साधारण १६ टक्के असतो. त्यामुळे एक ग्रॅम प्रथिन पूर्ण विघटित झाले, तर त्यापासून सुमारे ७०० मिलिग्रॅम नायट्रेट बनते आणि ६० लिटरच्या टाकीत त्याची पातळी लिटरमागे जवळजवळ १२ मिलिग्रॅमने वाढते. हेच एक ग्रॅम प्रथिन ६०० लिटरच्या टाकीत पडले, तर वाढ त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच होते. लहान टाकीला चूक पचत नाही असे जाणकार म्हणतात, त्याचे गणित हे आहे. प्रथिनांचे विघटन होण्याआधीच त्यांतील काही भाग पाण्याबाहेर काढणारे उपकरण म्हणजे प्रोटीन स्किमर होय. त्याची निवड कशी करावी आणि ते नीट चालेनासे झाले तर कारण कोठे शोधावे, हा या लेखांकाचा विषय आहे.

फेस कसा काम करतो

पाण्यात विरघळलेल्या अनेक सेंद्रिय रेणूंचा एक भाग पाण्याकडे ओढला जातो, तर दुसरा पाण्यापासून दूर राहू पाहतो. या दोन भागांना अनुक्रमे जलस्नेही आणि जलद्वेषी म्हणतात. असा रेणू हवा आणि पाणी जेथे एकमेकांना भिडतात त्या पृष्ठभागावर जाऊन स्थिरावतो, कारण तेथे त्याचा जलद्वेषी भाग हवेकडे राहू शकतो. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटांच्या घुसळणीने पिवळसर, चिकट फेस साचतो, तोही याच गुणधर्मामुळे. स्किमरमध्ये ही क्रिया एका उभ्या नळकांड्यात घडवून आणली जाते : पाण्यात बारीक बुडबुडे सोडले जातात, वर चढताना त्यांच्या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणू चिकटतात, वरच्या अरुंद भागात म्हणजे मानेत त्यांचा फेस होतो, त्या फेसातील जादा पाणी खाली निथळते आणि उरलेला दाट, गडद मळ वरच्या पेल्यात जमा होतो.

या सर्व व्यवस्थेत बुडबुड्याच्या आकाराला कळीचे महत्त्व आहे. एक लिटर हवा ५ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत विभागली, तर त्यांचे एकत्रित पृष्ठफळ सुमारे १.२ चौरस मीटर होते; तीच हवा अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्यांत विभागली, तर ते १२ चौरस मीटरपर्यंत पोहोचते, आणि लहान बुडबुडा सावकाश वर चढत असल्याने रेणू चिकटण्यास वेळही अधिक मिळतो. समुद्राच्या पाण्यातील क्षार बुडबुड्यांना एकमेकांत मिसळून मोठे होऊ देत नाहीत, म्हणून हे उपकरण खाऱ्या पाण्यात चांगले चालते; गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.

स्किमरच्या मर्यादाही येथेच स्पष्ट होतात. अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट यांचे आयन पृष्ठभागावर स्थिरावत नसल्याने ते फेसाबरोबर थेट निघून जात नाहीत. त्यांची निर्मिती कमी करणे एवढेच स्किमरच्या हाती असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी सहकाऱ्यांसह २००९ पासून प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत असे आढळले की पाण्यातील मोजता येणाऱ्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्के भागच स्किमर काढू शकतो, कारण उरलेल्या रेणूंना पृष्ठभागाची ओढ पुरेशी नसते. म्हणून स्किमर बसवला म्हणजे पाणी बदलण्याचे काम संपले, असा समज धोक्याचा ठरतो.

स्किमरचा दुसरा लाभ मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. सतत हवा खेळत राहिल्याने पाण्यात ऑक्सिजन मिसळतो आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पूर्ण क्षारतेच्या समुद्री पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन सामावतो, तर ३० अंशांना तो ६.२ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. त्यामुळे महाराष्ट्रातील किंवा गोव्यातील उन्हाळ्यात, विशेषतः रात्री, हा लाभ माशांच्या जिवाच्या दृष्टीने मोलाचा असतो.

निवड : लिटरपेक्षा भार महत्त्वाचा

पहिला प्रश्न स्किमर हवा की नको, हाच असावा. साधारण ७५ लिटरपेक्षा लहान टाकीत एकदोन लहान मासे असतील, खाद्य मोजके असेल आणि दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी नियमाने बदलले जात असेल, तर स्किमरवाचून चालते. माशांची संख्या किंवा खाद्य वाढले, पाणी बदलण्यात नियमितता राहत नसली किंवा उन्हाळ्यात पाणी तापत असले, तर मात्र स्किमरची गरज खरी ठरते.

खोक्यावर छापलेली लिटरची मर्यादा ही हलक्या भाराची कमाल मर्यादा असते, असे मानणे सुरक्षित आहे. भार म्हणजे दररोज टाकीत पडणारे खाद्य आणि त्यातून तयार होणारा मळ. भार अधिक असल्यास टाकीच्या आकारमानाच्या दीडपट ते दुप्पट मर्यादेचा स्किमर योग्य ठरतो. पण त्यापलीकडे जाणे हिताचे नसते, कारण रुंद मान फेसाने भरण्याइतका सेंद्रिय मळ लहान टाकीत तयारच होत नाही, फेस अर्ध्यावर चढून कोसळतो आणि महागडे उपकरण केवळ हवा घालणाऱ्या पंपाचे काम करत राहते.

बुडबुडे तयार करण्याच्या दोन पद्धती लहान टाक्यांसाठी प्रचलित आहेत. पहिलीत हवेच्या पंपाला जोडलेल्या लाकडी एअर स्टोनमधून हवा सोडली जाते; हा स्किमर स्वस्त आणि लहान असतो, पण लाकडाची छिद्रे बुजत असल्याने स्टोन काही आठवड्यांनी बदलावा लागतो, आणि ते टाळल्यास बुडबुडे मोठे होत जाऊन काम मंदावते. दुसरीत पंपाच्या इम्पेलरवर, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकावर, बारीक सुया असतात आणि नळीतून ओढली जाणारी हवा त्या सुयांनी चिरली जाते. ही पद्धत अधिक स्थिर असली, तरी तिला जागा अधिक लागते आणि इम्पेलरची निगा राखावी लागते.

जागेचा विचार त्याहूनही महत्त्वाचा आहे, कारण स्किमरभोवतीच्या पाण्याची पातळी बदलली की त्याच्या आतील फेसाची उंचीही बदलते. मागे कप्पे असलेल्या टाकीत बाष्पीभवनाची सगळी घट शेवटच्या, म्हणजे पंपाच्या कप्प्यात दिसते. तो कप्पा १५ सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद असेल, तर केवळ एक लिटर पाणी उडाल्याने तेथील पातळी जवळजवळ साडेचार सेंटिमीटरने खाली जाते. म्हणून स्किमर आधीच्या कप्प्यात बसवावा, जेथे आडव्या पट्टीवरून सांडणारे पाणी पातळी कायम राखते. टाकीखाली संप, म्हणजे पाण्याची वेगळी टाकी, असल्यास हाच नियम लागू होतो. दोन्ही सोयी नसल्यास टाकीच्या काठाला टांगण्याचा स्किमर घ्यावा लागतो. मात्र त्याचे पाणी ओढणारे तोंड पृष्ठभागाजवळ असल्याची खात्री करून घ्यावी, कारण सेंद्रिय मळाचा थर तेथेच साचतो.

तक्रारी आणि त्यांची कारणे

नवा स्किमर पहिल्या काही दिवसांत ओसंडून वाहतो किंवा मुळीच फेस देत नाही, आणि पुष्कळदा येथेच घाईने तो सदोष ठरवला जातो. कारखान्यातील तेलकट अंश आणि प्लास्टिकचा कोरा पृष्ठभाग यांमुळे फेस स्थिर होण्यास काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. बसवण्यापूर्वी तो पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने धुऊन स्वच्छ पाण्याने खळबळावा, पहिल्या दिवसांत त्याची पातळी खालीच ठेवावी आणि नंतर एका वेळी एकच बदल करून निदान एक दिवस परिणाम पाहावा.

बरेच दिवस नीट चाललेला स्किमर अचानक ओसंडू लागला, तर दोष यंत्रात असण्यापेक्षा पाण्यात काहीतरी नवे आले असण्याची शक्यता अधिक असते. माशांच्या अंगावरील बुळबुळीत आवरणाला पोषक म्हणून विकली जाणारी द्रावणे, प्राझिक्वांटेलसारखी औषधे, खडक चिकटवण्याची इपॉक्सी आणि बादलीला किंवा हाताला राहिलेला साबण यांमुळे फेस बेसुमार वाढतो. अशा वेळी पेला काढून हवा चालू ठेवावी आणि साबणाचा संशय असल्यास ताजा सक्रिय कोळसा वापरून पाणी बदलावे.

याउलट फेस एकाएकी बसला, तर तेलाचा विचार प्रथम करावा. तेलकट गोठवलेले खाद्य किंवा हाताला लावलेले मलम पाण्यात मिसळले की बुडबुड्यांची आवरणे फुटतात. खाद्यामुळे असे झाले असल्यास काही तासांत फेस आपोआप परततो. फेस हळूहळू, आठवड्यांच्या काळात कमी होत गेला असेल, तर मात्र कारण यंत्रात असते : हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा जमतो, इम्पेलरवर चुन्याचा थर चढतो किंवा मानेच्या आतील चिकट थर फेसाला वर सरकू देत नाही. पंप चालू असताना हवेच्या नळीतून थोडे कोमट गोडे पाणी ओढू दिल्यास मीठ विरघळते. मान आणि पेला दर दोनतीन दिवसांनी पुसावा, तर पंप दर तीन महिन्यांनी, वीज तोडून, पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात भिजवावा. इम्पेलरचा दांडा सिरॅमिकचा असल्यास तो सहज मोडतो, म्हणून तो ओढताना जोर लावू नये.

टाकीत बारीक बुडबुडे पसरत असतील, तर नव्या स्किमरच्या बाबतीत काही दिवस वाट पाहणे हाच उपाय असतो. त्यानंतरही ते टिकले, तर बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वाटेत स्पंज लावावा. स्पंज वारंवार धुतला गेला नाही, तर त्यातच मळ कुजतो आणि स्किमरने टाळलेले विघटन तेथे होते.

वीज जाण्याचा प्रश्न भारतातील टाक्यांसाठी विशेष विचाराचा आहे. मुख्य पंप बंद पडताच वरच्या टाकीतील काही पाणी संपमध्ये उतरते, स्किमर नेहमीपेक्षा खोल बुडतो आणि वीज येताच पेला भरून साठलेला मळ पुन्हा पाण्यात सांडतो. टाकी प्रथम चालू करतानाच वीज मुद्दाम बंद करून संपची पातळी किती वाढते हे पाहावे आणि शक्य असल्यास स्किमरला मुख्य पंपानंतर काही मिनिटांनी चालू करणारा टायमर जोडावा.

शेवटी, पेल्यातील द्रवाचा रंग हा निदानाचा उत्तम आधार आहे. गडद, दाट द्रव म्हणजे कोरडा फेस, तर फिकट चहासारखा द्रव म्हणजे ओला फेस. ओल्या फेसाने मळ अधिक निघतो, पण त्याबरोबर खारे पाणीही जाते : ६० लिटरच्या टाकीतून रोज ३०० मिलिलिटर असे पाणी गेले आणि त्याची भरपाई गोड्या पाण्याने होत राहिली, तर ३५ असलेली क्षारता दहा दिवसांत ३३.३ च्या आसपास येते. म्हणून लहान टाकीत मध्यम गडद द्रव देणारा फेस राखणे, पेला रोज पाहणे आणि क्षारता आठवड्यातून निदान दोनदा मोजणे, ही तिन्ही कामे एकत्रच करावी लागतात. क्षारता नेमकी कशी मोजावी आणि बाष्पीभवनाची भरपाई कशी करावी, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.