अचानक पाय गळाले तर

रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठायला गेला आणि पायांत त्राणच नाही, असे झाले की घरातले म्हणतात, 'वारं गेलं.' मग तेल तापवून मालीश सुरू होते, कुणी देवऋष्याला विचारून येते. यात एक-दोन दिवस सहज निघून जातात.

वारं, म्हणजे अर्धांगवायूत, बहुधा शरीराची एक बाजू लुळी पडते, तोंड वाकडे होते, बोबडी वळते. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून तिथेही थांबून चालत नाही. पण दोन्ही पाय एकदम गेले, शुद्ध पूर्ण आहे आणि बोलणे स्पष्ट आहे, तर दोष बहुतेक वेळा मेंदूत नसून मज्जारज्जू, नसा किंवा स्नायूंत असतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी या भागांत असे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. पुढे संशयितांची संख्या दोनशेवर गेली. आजार होता गिलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू मिळाला. तो दूषित पाण्यातून, कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मटणातून पोटात जातो. जुलाब थांबतात, पण जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये एक ते तीन आठवड्यांत चुकून आपल्याच नसांवर हल्ला करतात. पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, मग अशक्तपणा वर हातांकडे सरकतो. श्वासाचे स्नायू सापडले तर जीव धोक्यात येतो. योग्य उपचार वेळेत मिळाले तर बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, मात्र त्याला महिने लागतात. मालिशीने नस सुधारत नाही. तेवढ्या वेळात तलवाड्याहून गाडी बीडला पोहोचते.

आपल्या भागात आणखी एक कारण कधीही विसरू नये, ते म्हणजे मण्यार. शेतात किंवा ऊसतोडीच्या कोपीत जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते. दुखत नाही, सूज नाही, पुष्कळदा दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही, मग हातपाय गळतात. जीबीएस पायांकडून वर चढतो, तर मण्यारीचे विष डोळ्यांपासून खाली उतरते. साप पाहिला नाही म्हणून सर्पदंश नाही, असे समजू नये.

पाठ दुखून पाय गेले आणि लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आहे असे धरावे. मणक्याच्या क्षयातही हे घडते. जोराच्या जुलाब-उलट्यांनंतर रक्तातील पोटॅशियम उतरूनही पाय गळतात. ते तपासणीत लगेच कळते व भरून काढता येते. पंधरा वर्षांखालील मुलाचा पाय अचानक लुळा पडला, तर सरकारी दवाखान्यात कळवावेच लागते; पोलिओ नाही याची खात्री शौचाच्या दोन नमुन्यांतून करतात.

घरी एवढे पाहा. रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. वीसपर्यंत पोहोचत नसेल, मान उचलवत नसेल किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तर १०८ ला फोन करा. अशा रुग्णाला तोंडाने पाणी, चहा, काढा काहीही देऊ नका, ते फुप्फुसात जाते. कुशीवर झोपवून न्या आणि निघण्यापूर्वी त्या दवाखान्यात व्हेंटिलेटर रिकामा आहे का, ते फोनवर विचारून घ्या.