होडीला बॅटरीची मोटर : आधी हिशेब, मग खरेदी



डाळज, पळसदेव, कुंभारगाव, भिगवण हा सगळा पट्टा उजनीच्या पाणफुगवट्याच्या काठचा. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी होडी आणि जाळं आहे. वल्हं मारून खांदे दुखतात, पेट्रोलचं इंजिन परवडत नाही, म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरीची चौकशी पालक करतात. तिला आवाज कमी, धूर नाही. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला पाहुणे नेणाऱ्यांनाही ती सोयीची. पण कोणती घ्यायची? याचं उत्तर पाचवी-सहावीच्या गणितात आहे.

१) आधी वजन मांडा

या मोटरीची ताकद अश्वशक्तीत नाही, पौंडात सांगतात. त्याला थ्रस्ट म्हणतात. थ्रस्ट म्हणजे पाणी मागे रेटून होडीला पुढे ढकलणारा जोर. साधा नियम असा : भरलेल्या होडीच्या दर १०० किलोला निदान साडेचार पौंड थ्रस्ट.

समजा होडी १८० किलो, दोन माणसं १३०, जाळी आणि क्रेट ४०, बॅटरी ३०, मासळी ४०. एकूण ४२० किलो. म्हणजे सुमारे १९ पौंड. पण हा हिशेब शांत पाण्याचा झाला. उजनीचं पाणी उघडं, वारा अडवायला झाड नाही. म्हणून दुप्पट धरा. ४० ते ४५ पौंडांची मोटर बघा.

२) मग बॅटरी

१२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात एका पौंडाला साधारण एक अँपियर वीज ओढते. ४० पौंडाला ४० अँपियर. बॅटरी १०० अँपियर-तासाची असली, तरी शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर खराब होते. म्हणजे हाताशी ५० अँपियर-तास. ५० भागिले ४० म्हणजे सव्वा तास. जास्त वीज एकदम ओढली की बॅटरी त्याहून कमी देते, म्हणून तासभरच धरा. निम्म्या वेगात मात्र तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते.

ट्रकची बॅटरी जोडू नका. ती स्टार्टरला क्षणभर भरपूर वीज देण्यासाठी बनवलेली असते. हळूहळू खोल उतरणारी डीप सायकल बॅटरी लागते. लिथियमची बॅटरी हलकी असते आणि बरीचशी वापरता येते, पण महाग पडते.

३) दांडी आणि पंखा

पंखा पूर्ण पाण्याखाली, निदान वीतभर खोल राहिला पाहिजे. वर राहिला तर हवा ओढतो आणि जोर जातो. मोटर बसवायच्या फळीपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजूनच दांडीची लांबी ठरवा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, हे आपण बघतोच. तसेच इतर दगड-भिंती पाण्याखाली टपून असतात. म्हणून दांडी वर-खाली करता येणारी आणि पटकन उचलता येणारी हवी. जाळ्याचा धागा पंख्यात गुंतला तर आधी बॅटरीची वायर काढा, मगच हात घाला. पंख्याची जादा पिन जवळ ठेवा. वायर जाड हवी आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

४) परतीचा हिशेब

सगळ्यात महत्त्वाचं हेच. समजा वाऱ्याबरोबर जाताना वेग ताशी ६ किलोमीटर आणि वाऱ्याविरुद्ध येताना ३ किलोमीटर. दोन किलोमीटर जायला २० मिनिटं, तेवढंच यायला ४० मिनिटं. झाला एक तास, आणि बॅटरी संपली! वारा वाढला तर काय? म्हणून वापरायच्या चार्जिंगचे तीन भाग करा : एक जायला, एक यायला, एक अडचणीला. तरीही येताना जास्त लागतं हे लक्षात ठेवून पहिला भाग संपायच्या आतच होडी वळवा.

आणखी एक गणित. १२ व्होल्ट गुणिले ४० अँपियर म्हणजे ४८० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ही मोटर पाऊण अश्वशक्तीचीही नाही. ती जाळ्याभोवती हळू फिरायला, काठाकाठाने जायला चांगली. वादळातून बाहेर काढणारी ती नव्हे.

२१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. हे पाणी आपल्याच काठचं. मोटर कितीही चांगली असो, मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरलं की होडी काठालाच बरी. होडीत वल्ही आणि माणशी एक लाइफ जॅकेट असलंच पाहिजे. मोटर आणि बॅटरीच्या खर्चात जॅकेटचे पैसे आधी बाजूला काढा.

मुलांसाठी कृती : घरच्या होडीतली माणसं, जाळी, बॅटरी यांची वजनं विचारून यादी करायला सांगा. त्यावरून थ्रस्ट, लागणारे अँपियर आणि सुरक्षित अंतर काढू द्या. बेरीज, भागाकार, वेग-वेळ-अंतर सगळं एकाच उदाहरणात येतं. यादीत शेवटची ओळ मुलांनी स्वतः भरायची : माणसं किती, जॅकेट किती? हे दोन आकडे सारखे आले नाहीत, तर वही घरी दाखवायला सांगा.