बिननंबरी जीप

आरटीओतली जुन्या गाडीची फाइल उघडली की एका कागदाच्या तुकड्यावर शिशाच्या काळपट रेघांमधून उमटलेले आकडे दिसतात. एजंटांपासून साहेबांपर्यंत सगळे त्याला ‘पेन्सिल प्रिंट’ म्हणतात. चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद दाबून धरायचा आणि पेन्सिल आडवी करून घासायची. खोलगट आकड्यांत पेन्सिल उतरत नाही, त्यामुळे आकडे पांढरे राहतात आणि भोवतालचा कागद काळा होतो. हा प्रिंट, आरसी बुक आणि गाडी या तिन्हींवरचा नंबर जुळला की कायद्याच्या लेखी ती गाडी तीच गाडी. रंग, हूड, सीटा, टायर बदलले असतील तर फारसं बिघडत नाही. पण प्रिंट घ्यायला चेसिसवर आकडेच नसले, तर समोर उभी असलेली, सेल्फ मारताच सुरू होणारी गाडी कागदोपत्री अस्तित्वातच नसते.

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्यांना हा अनुभव सर्वांत जास्त येतो तो महायुद्धातल्या जीपच्या बाबतीत. 1941 ते 1945 या काळात विलीज कंपनीने सुमारे 3 लाख 61 हजार आणि फोर्डने सुमारे 2 लाख 78 हजार जीप बनवल्या. आराखडा एकच होता आणि सुटे भाग एकमेकांना बसतील अशी लष्कराची अट होती. नंबर टाकण्याची पद्धत मात्र दोघांची वेगळी. फोर्डने तो डाव्या रेलच्या वरच्या पृष्ठावर, इंजिनाच्या आधाराजवळ थेट लोखंडात ठोकला. विलीजने पत्र्याची छोटी पट्टी डाव्या रेलच्या आतल्या अंगाला, पुढच्या बंपरमागे रिव्हेट मारून बसवली. त्या वेळी हा फरक कुणाच्या खिजगणतीत नसेल. आज कागदपत्रांचं सगळं भवितव्य त्यावर अवलंबून आहे. रेल गंजली, वेल्डिंग झालं, सँडब्लास्टिंगला दिली की विलीजची पट्टी सुटते आणि गॅरेजच्या कोपऱ्यातल्या भंगारात जाते. तिच्याखाली काही कोरलेलं नसतं. उरतात फक्त रिव्हेटची भोकं.

फोर्डचा नंबर गंजाच्या आणि रंगाच्या थरांखाली दडून बसतो, पण शोधला तर बहुधा सापडतो. त्यासाठी आधी ही चेसिस कोणाची हे कळायला हवं. बॉनेट उघडायचं, रेडिएटरखालच्या आडव्या दांड्याकडे पाहायचं. तो गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डने तर आपल्या कित्येक बोल्टांच्या डोक्यांवरही ‘एफ’ हे अक्षर उठवलं होतं. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरजवळच्या उंचवट्यावर असतो. फोर्डच्या कारखान्यातून जीप बाहेर पडायची तेव्हा तिचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर एकच असायचा. म्हणजे चेसिसचा नंबर गेला तरी मूळ इंजिन जागेवर असेल तर काहीतरी धागा हाती लागतो. विलीजमध्ये दोन्ही नंबर वेगळे, त्यामुळे तीही सोय नाही.

आणि मूळ इंजिन जागेवर असतंच कुठे? युद्ध संपल्यावर लष्कराने ‘डिस्पोजल’मध्ये काढलेल्या जीपा ठेकेदारांकडे, इस्टेटींवर, खाणींवर, शिकाऱ्यांकडे गेल्या. पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा त्यांतल्या कित्येकींच्या पोटात मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसलं. वापरणाऱ्याला गाडी चालायला हवी होती. ती पुढे कुणाच्या दिवाणखान्यातली शान होईल हे त्याच्या गावीही नव्हतं, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

जुन्या गाड्यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र नियम आले ते जुलै 2021 मध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ हा वेगळा दर्जा मिळाला. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं, फेरनोंदणीला 5 हजार. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनासाठी, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. माझ्या मते हा नियम एकंदरीत चांगला आहे. त्याआधी 1948 ची गाडी आणि दहा वर्षं वापरलेली टॅक्सी यांच्याकडे कायदा जवळपास एकाच नजरेने पाहत असे.

पण अर्जासोबत काय मागितलंय ते पाहा. गाडी आधी नोंदलेली असेल तर तिची आरसी, परदेशातून आणलेली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, ही अट. युद्धातली जीप या देशात उतरली ती सरकारी लष्करी सामान म्हणून, कुणा नागरिकाने कस्टम्स भरून नव्हे. डिस्पोजलच्या पावतीवर ती विकली गेली, तीही पावती वाळवीने खाल्ली, आणि पोटात मॅटाडोर. तिन्ही दारं बंद.

आरसी हरवली पण चेसिसवर नंबर शाबूत आहे, ही परिस्थिती मी त्यातल्या त्यात सुदैवाची मानतो. पोलिसांत हरवल्याची नोंद करायची, फॉर्म 26 भरून दुय्यम प्रतीसाठी अर्ज करायचा. जुन्या रजिस्टरातली नोंद संगणकावर चढलेली नसेल तर ‘बॅकलॉग’साठी खेटे घालायचे. रजिस्टर सापडलं पाहिजे, पान फाटलेलं नसलं पाहिजे, आणि साहेबांची बदली मध्येच झाली नाही पाहिजे. वेळखाऊ आहे, पण वाट आहे. उलट आरसी आहे आणि गाडीवरचा नंबर नाहीसा झालाय, तिथे खरी कसोटी लागते. ही आरसी याच गाडीची, हे सिद्ध कशाने करणार?

कधी कधी लोखंडच साक्ष देतं. नंबर ठोकताना आकड्याखालच्या धातूचे कण बरेच खोलवर दाबले जातात. वरचा आकडा कानशीने घासून सपाट केला तरी खालचा दाब शिल्लक असतो. पृष्ठ आरशासारखं गुळगुळीत करून त्यावर फ्राय द्रावण, म्हणजे क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं मिश्रण, बोळ्याने फिरवत राहिलं की दाबलेला आणि न दाबलेला धातू वेगवेगळ्या गतीने झिजतो. मग गेलेले आकडे काही क्षण पुसट का होईना दिसू लागतात. तेवढ्यात फोटो काढायचा. चोरीच्या गाड्यांच्या तपासात न्यायसहायक प्रयोगशाळांमध्ये ही पद्धत सर्रास वापरतात. गंजाने मात्र आकड्यासकट खालचा थरही खाल्ला असेल तर द्रावण काही करू शकत नाही. विलीजच्या रिव्हेटच्या भोकांपुढेही ते हतबल.

नियम इतके कडक का, याचं उत्तर या प्रयोगशाळेच्या टेबलावरच आहे. नंबर घासतो तो बहुधा चोर. म्हणूनच कडकपणाला माझा विरोध नाही. कडकपणा आंधळा झाला की काय होतं ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात दिसलं. तिथल्या एका गृहस्थाने 2016 साली इंडियानातून 1959 ची कॉर्व्हेट घेतली. नोंदणीच्या तपासणीत नंबरपट्टीचे रिव्हेट मूळचे नाहीत हे निरीक्षकाच्या लक्षात आलं. आधीच्या कुणीतरी गाडीचं नूतनीकरण करताना पट्टी काढून पुन्हा बसवली होती. मालकाने काही गैर केलं नव्हतं हे उघड होतं. तरीही गाडी जप्त झाली, आणि त्या वेळच्या कायद्यानुसार अशी गाडी नष्टच करायची होती. शेवटी 2022 मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला आणि 2023 मध्ये गाडी परत मिळाली. रिव्हेटपायी इतकी वर्षं!

ब्रिटिशांनी यावर जास्त व्यवहारी तोडगा काढलेला दिसतो. वय किंवा ओळख पटत नाही अशा गाडीला 1983 पासून ‘क्यू’ अक्षराची नंबर प्लेट मिळते. म्हणजे गाडी रस्त्यावर येते, पण तिच्या ओळखीबद्दल शंका आहे हे प्लेटवरच दिसतं. घेणाऱ्याची फसवणूक होत नाही. चेसिसवर नंबर नसेल तर तिथलं वाहन नोंदणी खातं स्वतःच नवा नंबर देतं. गाडीचं वय सांगणारं पत्र मान्यताप्राप्त जुन्या गाड्यांच्या क्लबकडून घेता येतं. फेरफार केलेल्या गाडीसाठी अलीकडेपर्यंत गुणांची पद्धत होती. मूळ चेसिसला 5, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी 2, आणि इंजिनाला फक्त 1. जुना नंबर टिकवायला किमान 8 गुण लागत. इंजिनाला 1 गुण! आपल्या मॅटाडोरवाल्या जीपांनी हे वाचून उसासा टाकावा.

आपल्याकडे राज्य पातळीवर व्हिंटेज गाड्या तपासणारी समिती नियमांतच सांगितलेली आहे. तिलाच एक अधिकार वाढवून द्यायला काय हरकत आहे? प्रयोगशाळेचा अहवाल, पोलिसांकडून चोरीची नोंद नसल्याचा दाखला आणि जाणकारांनी ठरवलेलं वय, एवढ्यावर खात्याने स्वतःचा नंबर ठोकून द्यावा, आणि आरसीवर तसं स्पष्ट लिहावं. अशी गाडी बाजारात कमी किमतीला जाईल. जाऊ दे.

हे होत नाही तोवर एक वेगळाच बाजार चालू राहणार. बिनकागदाची जीप स्वस्त, ‘कागदवाली’ महाग, आणि कधी कधी नुसते कागद विकाऊ: केव्हाच भंगारात गेलेल्या जीपची आरसी, सोबत तिची पट्टी. ती पट्टी दुसऱ्या जीपच्या भोकांवर बसवायची किंवा पंच घेऊन आरसीतला नंबर कोऱ्या रेलवर ठोकायचा. मेकॅनिक याला ‘सेटिंग’ म्हणतील; कायद्यात ती फसवणूक आहे, आणि पुढच्या मालकाच्या गळ्यात पडणारी. शिवाय पकडता येते. कारखान्यातल्या आकड्यांची घडण, अंतर आणि खोली बाजारातल्या पंचाला साधत नाही.

तेव्हा जीप बघायला जाताना टॉर्च, तारेचा ब्रश आणि थिनरची बाटली सोबत घ्यावी. आधी पुढचा आडवा दांडा पाहून फोर्ड की विलीज ते ठरवावं. फोर्ड असेल तर डावी रेल इंजिनाच्या आधारापाशी हलक्या हाताने घासावी, ग्राइंडर अजिबात लावू देऊ नये. विलीज असेल तर पट्टीचे रिव्हेट नवे चकचकीत आहेत का ते पाहावं. प्रिंट आपल्याच हाताने घ्यावा, आरसीशेजारी धरून एकेक आकडा ताडून पाहावा, आणि मगच इसाराचं बोलणं काढावं. विकणारा घासायलाच नको म्हणाला, तर इसार खिशातच ठेवून उठावं.